उजळून आणलेलं नाणं

गेल्या वर्षी खंडोबाचं नवरात्र बसायच्या तीन दिवस आधी, नातेपुत्यातल्या एका सोनाराने तांब्याच्या एका जुन्या नाण्याला उजाळा दिला. काम सकाळी सुरू झालं आणि जेवणाच्या वेळेआधी संपलं. नाण्याची मागची बाजू घासून सपाट करण्यात आली. पुढच्या बाजूवर एका प्राण्याची आकृती होती, तिच्यावर लगाम आणि खोगीर कोरण्यात आलं. कडेने बारीक मण्यांची माळ ठोकण्यात आली. नाणं सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचं असावं. ‘असावं’ हा शब्द नाइलाजाने वापरला आहे. ते ठरवण्यासाठी लागणारा मजकूर मागच्या बाजूवर आणि कडेने होता.

नाणं माझं नव्हतं. माझ्याकडे त्या प्रकारची सात नाणी आहेत. सोलापुरात असला संग्रह करणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही, त्यामुळे काही अडलं तर विचारायला दुसरा संग्राहक नसतो.

प्रकार थोडक्यात असा. इस्लामी राज्याच्या सुरुवातीच्या काळात सोन्याचांदीच्या नाण्यांवरून चित्रं गेली आणि फक्त मजकूर राहिला. तांब्याचं नाणं मात्र गावोगावचे अधिकारी आपापल्या टाकसाळीत पाडत. त्याला फल्स म्हणत. त्यांतल्या काहींनी त्यावर प्राणी ठेवले. सिंह, हत्ती, पक्षी, मासा, घोडा. सीरियातल्या हिम्सच्या काही नाण्यांवर लांब मागच्या पायांचा, उड्या मारणारा वाळवंटी उंदीर आहे. प्राण्याच्या भोवती बहुधा मजकूर असतो आणि नशीब असेल तर त्यात शहराचं नाव असतं. शहर वाचता आलं की नाण्याला पत्ता मिळतो. नाही आलं तर हातात तांब्याची चकती उरते.

माझ्या सातांपैकी दोनच नाण्यांचं शहर वाचता आलेलं आहे. एक नाणं नकली निघालं, त्याच्या कडेला साच्याची शिवण आहे. पुण्याच्या प्रदर्शनात ‘सिंह’ म्हणून घेतलेल्या नाण्यावरचा सिंह घरी भिंगाखाली पाहिल्यावर गंजाचा फुगवटा ठरला. तीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केल्याने दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय काही लिहायचं नाही ही सवय लागली आहे. या छंदात ती सवय सतत आडवी येते; वाचलेली दोन शहरंही एकाच माणसाने वाचलेली असल्याने त्यांच्यापुढेही प्रश्नचिन्ह आहे. बायकोने एकदा सगळी पाकिटं पाहून विचारलं, “सातही पाकिटांवर प्रश्नचिन्ह? मग जमवलंत काय, प्रश्नचिन्हं?”

नवी पेठेतल्या सराफांकडेही बरीच वर्षं चकरा झाल्या. शिवराई मिळते, निजामाचं तांबं मिळतं. एका सराफाने शेवटी हात जोडले. “साहेब, आमच्याकडं तांबं मोडीत येतं, किलोनं. तुम्हाला वाघ-सिंह बघायचे असतील तर सर्कस आल्यावर कळवतो.” त्यानंतर त्या दुकानात जाणं थांबवलं.

नातेपुत्याचं नाणं सात वर्षांपूर्वी दिसलं. परदेशात मेंढरं राखायला गेलेल्या माणसांवर रविवारच्या पुरवणीसाठी लेख करायचा होता. नातेपुत्याजवळच्या एका वस्तीवरचा धनगर जॉर्डनमध्ये नऊ वर्षं राहून परतला होता, पण लेखासाठी पोचेपर्यंत तो वारला होता. माहिती त्याच्या बायकोने दिली. तिचं वय तेव्हा सत्तरच्या आसपास. बोलणं संपल्यावर तिने देव्हारा दाखवला. खंडोबा, बिरोबा, जानाई, सगळे चांदीचे टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या देवाच्या मूर्ती. त्यांच्या पुढ्यात भंडाऱ्याने पिवळी झालेली एक तांबूस चकती होती.

“हे त्येंनी आणलेलं. देवाचं घोडं हाय,” ती म्हणाली. “तितं मेंढरं वढ्याच्या वाळूत बसवली हुती. बसल्या जागी बोटाला लागलं. फोनवर मला म्हनले, देवाचं घोडं माज्या आदी येऊन बसलंय की गं हितं.”

एक वीतभर अंतरावरून ते मिनिटभर पाहता आलं. डाव्या बाजूचा भंडारा निघालेला होता. चार पायांचा प्राणी, तोंड उजवीकडे, शेपूट वर वळलेली. भोवती अक्षरं. ती अरबी होती आणि त्यांना ठिपके नव्हते. या काळच्या लिपीत ठिपके जवळजवळ नसतातच, त्यामुळे चार-पाच वेगळी अक्षरं सारखीच दिसतात. हात पुढे केला तेव्हा तिने माझं मनगट धरलं. “दादा, देवाला हात लावायचा न्हाय.”

तिथून सहा वर्षं गेली. या काळात वस्तीवर पाच वेळा जाणं झालं. दर वेळी नाणं दिसलं आणि एकदाही हातात आलं नाही.

खरी अडचण वेगळी होती. खंडोबाचा वार रविवार. दर रविवारी ती देवांना अंघोळ घालत असे आणि तांब्याच्या चकतीला चिंच लावून अंगठ्याने चोळत असे. तिसऱ्या भेटीत ते डोळ्यांनी पाहिलं. वरची बाजू, मग खालची, मग कडा, नीट गोल फिरवून. नंतर भंडारा. जुन्या तांब्यावर जो हिरवट काळा थर चढतो त्यातच पुष्कळदा अक्षरांचा उठाव टिकून असतो. तो थर आठवड्याला एकदा चिंचेने निघत होता. पहिल्या भेटीत प्राण्याच्या पाठीच्या वर चार अक्षरं स्पष्ट दिसली होती. तिसऱ्या भेटीत तीन होती.

“मावशी, चिंच नका लावू. नुसत्या पाण्याने धुवा,” असं सांगून पाहिलं.

“का वं?”

“अक्षरं झिजतात.”

“आन् देवाला अंगूळ नगं? तुमी करता न्हवं रोज? का नुसतं भिजून येता?”

तिचा मुलगा दारात बसून हसला. तो ट्रॅक्टर चालवतो आणि आईच्या कुठल्याही निर्णयात पडत नाही. त्याला बाजूला घेऊन एक प्रस्ताव ठेवला होता. या चकतीच्या बदल्यात चांदीचा घोडा करून देतो, चांगला जाड, नवी पेठेतून. तो म्हणाला, “आईला तुमीच सांगा. मला हितं ऱ्हायचंय.” आईला सांगितलं. तिने रागावून नाही, समजावून सांगितल्यासारखं उत्तर दिलं. “चांदीची घोडी घरात चार हायती. हे त्येंचं हाय.” तो विषय पुन्हा काढला नाही.

मग मुलाकडून फोटो मागवले. दोन वर्षांत अकरा फोटो आले. आठांमध्ये नाण्यावर भंडारा आहे. एकात झेंडूचं फूल आहे. एकात त्याचा अंगठा आहे. अकरावा त्याचा स्वतःचा आहे, मागे देव्हारा आणि देव्हाऱ्यात कुठेतरी नाणं. ते सगळे मोठे करून पाहिले. पिवळ्या रंगाखेरीज काही मिळालं नाही.

मजकूर वाचण्यासाठी सोलापुरात एकच माणूस होता, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले अरबीचे शिक्षक. माझी दोन शहरं त्यांनीच वाचून दिली होती. न वाचलेलं वाचलं म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विश्वास होता. अकरा फोटो त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“ये हल्दी हाय,” ते म्हणाले.

“हल्दी के नीचे?”

“नीचे का मेरे कू कैसा मालूम होता जी? आप हल्दी निकालो, मैं पढ़तूँ. जानवर कौन सा हाय वो नक्को पूछो. मेरे कू घोड़ा बी वैसाच दिखता, कुत्ता बी वैसाच.”

प्राण्याचा प्रश्न खराच होता. वर वळलेली शेपूट कुत्र्याला शोभणारी. मान घोड्याची. पाय आखूड आणि जाड, ते सिंहाचेही असू शकतात. बाई मात्र पहिल्या दिवसापासून घोडं म्हणत होती. तिच्यापुढे मी त्याला कधीही घोडा म्हटलं नाही, कुत्राही म्हटलं नाही. ‘ते’ म्हणत राहिलो. एकदा तिने सरळ विचारलं, “घोडंच हाय न्हवं वो?” हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही असं उत्तर दिलं. तिने मान हलवली.

गेल्या वर्षी परवानगी मिळाली. कारण साधं होतं. त्याच्या सहा वर्षं आधीच्या लेखात तिच्या नवऱ्याचा फोटो छापला होता. घरातलं कात्रण उंदरांनी खाल्लं होतं. कार्यालयाच्या जुन्या गठ्ठ्यांतून तो अंक शोधून, लेख कापून, लॅमिनेट करून तिला नेऊन दिला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला. निघताना म्हणाली, “नवरात बसायच्या आदल्या दिशी, अवसेला, मी सगळं देव खाली उतरवते. तवा या. हातात घ्या. पर आदी पाय धुवायचं. एकदा देव बसलं की सा दिस हलवायचं न्हाईत, ते ध्येनात ठिवा.”

अमावास्येच्या पाच दिवस आधी मुलाला फोन केला. त्या फोनचं टिपण माझ्याकडे आहे. माझ्या बाजूची वाक्यं अशी होती. वाचणारे सर बरोबर येणार आहेत. नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे आहेत. भंडारा पुसून ठेवा. अक्षरं आणि प्राणी नीट दिसले पाहिजेत.

तो म्हणाला, “काळजीच करू नगा. येकदम चकाचक दिसंल.”

बातमीदाराने असं वाक्य कानावरून जाऊ दिलं तर डेस्कवरून त्याला उलट फोन जातो. चकाचक म्हणजे कसं, कोण करणार, कधी करणार. मी यातलं काहीही विचारलं नाही. फोन ठेवला आणि भिंगाच्या दिव्यात नवे सेल घातले.

अमावास्येला सकाळी सर आणि मी निघालो. मोडनिंबला चहा झाला. सरांनी गाडीत मांडीवर वही ठेवून सीरिया आणि जॉर्डनमधल्या टाकसाळींची नावं जुन्या लिपीत काढून ठेवली होती, ठिपक्यांशिवाय, म्हणजे समोर आलं की जुळवता येईल. एवढ्या तयारीने आम्ही कधी कुठल्या नाण्याकडे गेलो नव्हतो. “आज शहर मिलेगा,” सर म्हणाले. ते असं सहसा बोलत नाहीत.

वस्तीवर पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं. पाय धुतले. आत पाटावर नवं फडकं अंथरून देव मांडले होते. सगळे टाक चकाकत होते. त्यांच्यात एक लालभडक चकती होती, नव्या तारेच्या रंगाची. मला ती ओळखू आली नाही. नाणं कुठे आहे असं विचारलं.

“ह्ये काय,” मुलगा म्हणाला. “सोनाराकडनं उजळून आणलं. मंगळवारीच दिलं हुतं. सगळ्या देवांबरूबर.”

नवरात्राआधी किंवा लग्नाआधी टाक सोनाराकडे नेऊन उजळून आणायचे ही पद्धत या भागात सगळीकडे आहे. मला ती माहीत होती. त्यावर एकदा चौकट लिहिली होती. या बाईने मात्र सहा वर्षांत ही चकती कधी सोनाराकडे दिली नव्हती. ते तांबं, चांदीबरोबर कशाला, असं ती म्हणत असे. त्या वर्षी पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून दिलं.

“कसं झालंय?” तिने विचारलं. ती खरंच खूश होती. “बगा तरी हातात घिऊन. आता घ्या की. आज न्हाय अडवत.”

नाणं हातात घेतलं. मागची बाजू आरशासारखी सपाट होती. त्यात खिडकी दिसत होती. पुढच्या बाजूवर घोडा होता. लगाम, खोगीर, पाठीवर दोन रेघांची झूल, मानेवर आयाळ. कडेने मणी, सारख्या अंतरावर, सफाईने ठोकलेले. जिथे अक्षरं होती बरोबर तिथे.

मी नाणं तिरपं करून कडा पुन्हा पाहिली. मुलाने त्याचा अर्थ काय घेतला माहीत नाही. तो म्हणाला, “लई कारागीर मानूस हाय. बसून केलं त्यानं.”

सरांनी नाणं मागून घेतलं. दारात उजेडात बसले, भिंग लावलं, दिवा तिरपा धरला आणि नाणं बोटांवर हळूहळू फिरवलं. मण्यांच्या आतल्या बाजूला अक्षरांची काही बुडं उरली होती. ते वाचत गेले आणि मी लिहीत गेलो.

“बिस्मिल्लाह. ये साफ हाय. आगे, दुरिब. यानी पाड़ा गया, ठोका गया. हाज़ा. ये. अल्-फल्स. ये फल्स ठोका गया.” ते थांबले. श्वास रोखून नाणं आणखी थोडं फिरवलं. “बि. बि बोले तो ‘में’. फलाने शहर में.”

“कुठल्या?”

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“इस के आगे सुनार हाय.”

त्या जागी पहिला मणी होता. शहराचं नाव पुढच्या चार मण्यांखाली असावं. सरांनी वहीचं पान उघडून काही जुळतं का पाहिलं, मग वही मिटली. घरातल्यांना हे वाचन चांगलं चाललंय असंच वाटत होतं. बाईने विचारलं, “काय लिवलंय वं? देवाचं नाव हाय का?”

सर मराठीत म्हणाले, “हौ मावशी. सुरुवातच देवाच्या नावाने आहे.”

“बगा!” ती मुलाकडे वळून म्हणाली. “तुज्या बापाला न वाचताच कळलं हुतं.”

जेवण झालं. मुलाबरोबर आम्ही नातेपुत्याला सोनाराकडे गेलो. दुकान पेठेत, एका माणसाला बसता येईल एवढं. साठीचा माणूस, बोलायला मोकळा. मी काय विचारतोय हे त्याला लगेच कळलं, पण त्यात वाईट काय झालं हे कळलं नाही.

“अक्षरं होती का मागे?” मी विचारलं.

“अक्षरं न्हवती साहेब, काट होता. खडबडीत. देव पाटावर हालत होता. बूड सपाट नको? कानसीनं जरा मारलं, मग पॉलिश.”

“आणि कडेला?”

“कडंलाही काटच. वाकडंतिकडं कायतरी. त्याच्यावर माळ घातली, झाकून गेलं. टाकाला माळ असतेच की.”

“प्राणी पहिल्यापासून घोडा होता?”

तो विचारात पडला. मला वाटतं, त्या दिवशी एवढ्या प्रामाणिकपणे दुसरं कोणी उत्तर दिलं नाही. “आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. मानंवरनं घोडं वाटत होतं. शेपटीवरनं कुत्रं. पायाचं तर काही कळंना. कुत्रं पण चालतंय खंडोबाला, कुत्रंही त्याचंच. मग मी फोन लावून आजींना विचारलं. त्या म्हटल्या घोडं. मग घोडं केलं.”

“शेपूट?”

“शेपूट खाली घेतली.”

मुलगा म्हणाला, “चांगली घेतलीय.”

काम सुरू करण्याआधी त्याने कुठला फोटो काढला होता का, ठसा घेतला होता का, असं विचारलं. नाही. वजन मात्र केलं होतं. गिऱ्हाइकाला संशय नको म्हणून तो प्रत्येक देवाचं वजन आधी आणि नंतर करून चिठ्ठीवर लिहून देतो. चिठ्ठी मुलाच्या खिशातच होती. तांब्याच्या चकतीपुढे दोन आकडे होते. आधी चार ग्रॅम एकशेऐंशी मिली, नंतर तीन ग्रॅम सहाशेचाळीस. कानशीत अडकलेला कीस तो रोज झाडून टाकतो.

मी त्याच्यावर रागावलो नाही असं लिहिणं खरं होणार नाही. आवाज चढला. त्याने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “साहेब, तुम्हीच म्हणाला होता म्हणं, नीट दिसलं पाहिजे. मला तसंच सांगितलं गेलं.” सरांनी माझ्या दंडाला धरून बाहेर आणलं.

वस्तीवर परत गेलो, कारण फोटो काढायचे राहिले होते. ते काढले, दोन्ही बाजूंचे, मागच्या आरशासकट. बाईने नाणं परत हातात घेण्याआधी पुन्हा तेच विचारलं.

“आता सांगा. हातात घेतल्यावर सांगतो म्हनला हुतासा. घोडंच हाय न्हवं?”

“आता घोडाच आहे, मावशी.”

“आता कशापायी? पयल्यापास्नं हाय,” ती म्हणाली आणि चकतीवर चिमूटभर भंडारा टाकला.

परतीच्या वाटेला लागलो. अकलूजच्या पुढे त्यांनी एकदाच विचारलं, फोटो कितने बड़े हो सकते. मोठे करून त्यांच्याकडे पाठवतो असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पाठवले.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. नातवाच्या संगणकावर त्यांनी पहिल्या मण्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. ‘बि’ हे अक्षर पुढच्या अक्षराला जोडलेलं आहे. दोघांच्या मध्ये अलिफची, म्हणजे ‘अल्’मधल्या ‘अ’ची, उभी रेघ नाही, त्यामुळे ‘अल्’ने सुरू होणारी शहरं यादीतून जातात. रम्ला गेलं, ते ‘अल्-रम्ला’ असं लिहितात. हिम्स राहतं, दमास्कस राहतं, बाकीचीही बरीच राहतात. ते एवढंच सांगू शकत होते. मी ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. रेघ नाही असं लिहू नये, मण्याबाहेर उरलेल्या भागात रेघ दिसत नाही असं लिहावं.